पोरांना वर्गाबाहेर नेऊन शिकवायचं कसं: केळीचा मळा, आठवडी बाजार आणि आपले गावठी खेळ

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या खान्देशातल्या शाळांमध्ये सहलीचा विषय निघतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, कुठे न्यायचं? मग लांबलांबची नावं निघतात, बसचं भाडं निघतं, पालक पैसे देतील का यावर मीटिंग होते आणि बऱ्याच ठिकाणी विषय तिथेच थांबतो. माझं मत विचाराल तर पहिली ते पाचवीच्या पोरांसाठी हा पहिला प्रश्नच नाही. पहिला प्रश्न असा पाहिजे की पोरं तिथे जाऊन शोधणार काय? शोधायला काहीतरी असलं तर शाळेमागचा केळीचा मळा पण पुरतो आणि काहीच नसलं तर शंभर किलोमीटर जाऊन पण पोरं गाडीत वेफर्स खातात, फोटो काढतात आणि झोपून परत येतात.

हे मी मुख्यतः जिल्हा परिषदेच्या शाळांमधल्या बाई-गुरुजींसाठी लिहितेय, त्यातही जिथे दोनच शिक्षक आणि चार-पाच इयत्ता अशी परिस्थिती आहे त्यांच्यासाठी, पण ज्या पालकांना सुट्टीत घरच्या पोरांसोबत काही करायचंय त्यांनाही यातलं बरंच वापरता येईल. २०२४ पासून आनंददायी शनिवार आलाय, म्हणजे दप्तराशिवायचा दिवस आता हक्काचा आहे, त्यात काय भरायचं ते आपल्याच हातात आहे.

जायच्या आधीचा अर्धा तास

बाहेर पडायच्या आदल्या दिवशी वर्गात अर्धा तास नुसता प्रश्नांसाठी ठेवा. उद्या आपण केळीच्या मळ्यात चाललोय, तुम्हाला तिथे काय विचारायचंय, एवढंच विचारा आणि गप्प बसा. सुरुवातीला पोरं मॅडमला आवडतील असे प्रश्न सांगतात, "केळीचे फायदे काय?" टाईपचे. थोडं थांबलं की खरे येतात. केळीला बी कुठे असते? एका झाडाला दुसऱ्यांदा घड येतो का? रात्री मळ्यात कोण झोपतं? हे सगळे फळ्यावर लिहा, ज्याचा प्रश्न त्याचं नाव पुढे लिहा, आणि प्रत्येकाने आपला एक प्रश्न वहीत उतरवून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी उत्तर मिळवायची जबाबदारी त्याच पोराची. पहिलीच्या पोराला लिहिता येत नसेल तर त्याने चित्र काढावं. जे पोरगं स्वतःचा प्रश्न घेऊन निघतं ते रस्ताभर वेगळंच चालतं, बघाच तुम्ही.

भाषेचं पण आधीच ठरवून घ्या. घरी आहिराणी बोलणारं पोरगं, तावडी किंवा लेवा बोलीतलं, नंदुरबारकडे पावरी-भिली-मावची बोलणारं, ते वर्गात पुस्तकी मराठीत अडखळतं म्हणून गप्प राहतं आणि आपल्याला वाटतं याला येत नाही. बाहेर गेल्यावर पूर्ण मोकळीक द्या. "मॅडम, आठे देखा, हाई काय शे?" (इथे बघा, हे काय आहे?) असं ओरडत आलं तर त्याला शुद्ध बोल म्हणून थांबवू नका, तो जे बघतोय ते आधी बघा. मराठीत लिहायचं काम परत आल्यावर आरामात होतं आणि तेव्हा सांगण्यासारखं भरपूर असल्यामुळे शब्द पण पटापट येतात.

जोड्या लावा. पहिली-दुसरीतलं एक आणि चौथी-पाचवीतलं एक अशी जोडी, मोठ्याने लिहायचं, छोट्याने मोजायचं. द्विशिक्षकी शाळेत हा उपाय सगळ्यात कामाचा आहे कारण सगळ्या इयत्ता एकत्रच न्याव्या लागतात.

केळीचा मळा

जळगाव जिल्ह्यात, रावेर, यावल, चोपडा बाजूला तर मळा शाळेच्या भिंतीला लागूनच असतो. तरी पोरांना विचारा, फणी म्हणजे किती केळी? ठाम उत्तर कोणी देत नाही. म्हणून हा मळा घ्या.

आधी शेतकरी दादांना एकट्याने भेटून या. फवारणी कधी झाली हे नक्की विचारा आणि नुकतीच झाली असेल तर तारीख पुढे ढकला, यात अजिबात संकोच करू नका. कपाशीच्या शेताला तर हे दुप्पट लागू, तिथे फवारणीचं प्रमाण जास्त असतं, पोरं पानं तोडतात, हात तोंडात घालतात. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही म्हणून त्या दिवशी युनिफॉर्म नको, जुने कपडे घालून या असं आदल्या दिवशी सांगा, नाहीतर दुसऱ्या दिवशी आया भांडायला येतील आणि त्यांचं बरोबरच असेल.

मळ्यात गेल्यावर पहिलं काम अंदाजाचं. एक घड निवडा, सगळ्यांनी लांबूनच सांगायचं किती केळी असतील, मोठ्याने वहीत आकडा लिहायचा, नंतर खोडायचा नाही. मग फण्या मोजा. समजा नऊ फण्या निघाल्या आणि वरच्या फणीत सोळा केळी, तर चौथीची पोरं लगेच गुणाकार करून एकशे चव्वेचाळीस सांगतील. आता प्रत्यक्ष एकेक फणी मोजायला लावा, आकडा कमी भरतो. का बरं कमी भरला? इथे तुम्ही उत्तर देऊ नका, थांबा, कोणीतरी बघतंच की खालच्या फण्या लहान होत जातात, त्यात केळी कमी आहेत. सरासरी हा शब्द पोरांना पुढे कधी भेटेल तेव्हा भेटेल, पण त्याची गरज त्यांना इथे मळ्यातच कळलेली असते.

दुसरं काम खोडाचं. घड कापून झालेल्या झाडाचं खोड दादांकडून मागून घ्या, हातभर तुकडा पुरे. विळा मोठ्यांनीच चालवायचा. कापलेला तुकडा पोरांच्या हातात द्या आणि कांद्यासारखा एकेक थर सोलायला सांगा. सोलता सोलता लक्षात येतं की हे लाकूड नाहीच, पानांचे देठ एकावर एक गुंडाळून उभं राहिलेलं आहे हे सगळं, खरं खोड खाली जमिनीत कंदाच्या रूपात असतं. थर आडवा धरला की आत जाळीसारखे चौकोनी कप्पे दिसतात, पोकळ, बोटाने दाबले की पाणी येतं. पोरं तिथेच दहा मिनिटं रमतात, रमू द्या. दोन-चार तुकडे पिशवीत भरून शाळेत आणा, रंगात बुडवून कागदावर ठसे मारा, भेंडीच्या ठशापेक्षा सुंदर नक्षी येते आणि कप्प्यांची रचना कायमची डोक्यात बसते.

बीचा प्रश्न आलाच असेल. एक पिकलेलं केळं आडवं कापून मधले बारीक काळे ठिपके दाखवा, ते न वाढलेलं बी. मग लागवड कशाने होते? दादा कंद किंवा टिश्यू कल्चरचं रोप दाखवतील. मृगबाग आणि कांदेबाग म्हणजे काय हे पण त्यांनाच सांगू द्या, जूनला लावलेली कोणती आणि पावसाळा संपताना लावलेली कोणती, म्हणजे वर्षाचे महिने पोरांना पिकावरून समजतात. ठिबक चालू असेल तर एका ड्रिपरखाली बाटली धरा. ड्रिपर ताशी चार लिटरचा असेल तर लिटरची बाटली भरायला पंधरा मिनिटं लागतात. तेवढा वेळ थांबायचं, घड्याळ बघायचं. ज्यांना घड्याळ येत नाही ते त्या दिवशी शिकतात कारण बाटली भरतेय ना, घाई असते.

केळी नसेल तर कपाशी घ्या, ती धुळे, नंदुरबार, जळगाव तिन्हीकडे आहे. एक फुटलेलं बोंड, त्यात चार नाहीतर पाच कप्पे, प्रत्येक कप्प्यातली सरकी बाहेर काढून मोजायची. गटात मोजणी, बेरीज, भागाकार सगळं त्यातच. वेचणीच्या दिवसात पोरांच्या आया शेतातच असतात, त्यांनाच गुरुजी करा, एक किलो कापूस वेचायला किती वेळ लागतो हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकत नाही.

आठवडी बाजार

बाजार हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरलेला वर्ग. पण पोरांना नुसतं फिरवून आणू नका, काम द्या. मला सगळ्यात आवडतं ते भरीताचं काम. चार-पाच जणांचा गट, हातात थोडे पैसे, आणि सांगायचं की आपल्याला शुक्रवारी भरीत करायचंय, सामान आणा. वांगी, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर. पैसे सगळ्याला पुरतील असे देऊ नका, थोडे कमीच द्या म्हणजे पोरांना ठरवावं लागतं. वाटा घेतला तर किती वांगी येतात, किलोने घेतलं तर किती, कोणतं परवडतं? काट्यावर आकडा काय दाखवतोय? अर्ध्या किलोला किती पैसे झाले? बाजारातल्या मावशी फार छान बोलतात पोरांशी, फक्त ऐन गर्दीच्या वेळी जाऊ नका, बाजार भरता भरता जा.

सोबत अजून एक प्रश्न द्यायचा, हा माल कुठून आला? वांगी बामणोदची की आपल्याच गावची, मिरची नंदुरबारची का, कांदा कुठला, सफरचंद कुठलं. गावांची नावं लिहून आणायची. परत आल्यावर वर्गाच्या फरशीवर खडूने मोठा नकाशा काढा, मधे आपलं गाव, वरच्या बाजूला सातपुडा, आडवी तापी, आणि प्रत्येक भाजीचा बाण काढा. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि ७२४ किलोमीटर जाऊन सुरतजवळ समुद्राला मिळते, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, हे पुस्तकात वाचलेलं पोरांना लक्षात राहत नाही पण फरशीवरच्या निळ्या खडूच्या रेषेवर स्वतः चालत गेलं की राहतं.

मग शुक्रवारी भरीत. चुलीचं काम पोषण आहाराच्या ताईंकडेच ठेवा, पोरं लांबून बघतील. भाजायच्या आधी वांग्यांचं वजन करून घ्या, कपाशीच्या काड्यांवर भाजून साल काढली की परत वजन करा. वजन कुठे गेलं? सालीत थोडं गेलं, बाकीचं? वाफ दिसली होती ना? बडगी, म्हणजे भरीत कुटायचं लाकडी भांडं, कोणाच्या घरून मिळाली तर आणा, कुटायला पोरांच्या रांगा लागतात.

ग्राउंडवर

खेळातून शिकवणं म्हणजे प्रत्येक खेळात गणित कोंबणं असं काही लोकांनी करून ठेवलंय आणि ते मला पटत नाही. लगोरी खेळताना दर मिनिटाला बेरीज विचारली तर पोरगं खेळणार कधी? रोजचा खेळ मोकळाच ठेवा. आठवड्यातून एखादा खेळ असा निवडा ज्याच्या पोटातच शिकणं आहे, वरून चिकटवायची गरज पडत नाही.

मामाचं पत्र हरवलं घ्या. रुमालाऐवजी खरंच पत्र टाका. एका कागदावर एक ओळ लिहायची, "कडुनिंबाला हात लावून ये", "दोन पायांवर बेडकासारखा उड्या मार", "ज्याच्या नावात ल आहे त्याच्या शेजारी बस". ज्याच्या मागे पत्र पडलं त्याने मोठ्याने वाचायचं आणि तसं करायचं. दुसरी-तिसरीची पोरं जी पुस्तक उघडायला तयार नसतात ती इथे अक्षर लावून लावून वाचतात कारण सगळे वाट बघतायत आणि वाचल्याशिवाय खेळ पुढे जात नाही. पुढच्या वेळी ओळी पोरांनाच लिहू द्या, लिखाणाचा तास वेगळा घ्यायलाच नको.

विटीदांडूत दांड्याने अंतर मोजतात. दोन गटांचे दांडे मुद्दाम लहान-मोठे ठेवा. एकाचे बावीस दांडे झाले, दुसऱ्याचे अठरा, मग विटी कोणाची लांब गेली? भांडण होतंच. ते भांडण लगेच सोडवू नका, पोरांनाच उपाय काढू द्या, कोणीतरी म्हणतंच की दोघांनी एकाच दांड्याने मोजा. त्याच वेळी मीटरची टेप आणून दाखवली की टेप कशासाठी आहे ते सांगावं लागत नाही. विटीपासून बाकीच्यांना लांब उभं करा, डोळ्याला लागते, विटी लाकडाऐवजी जाड रबरी पाईपच्या तुकड्याची केली तरी चालते.

लंगडीच्या चौकोनांमध्ये पहिलीसाठी अक्षरं लिहा, आट्यापाट्यांच्या पाट्या पोरांनाच मोजून आखू द्या, आंधळी कोशिंबीर झाडांवर खेळा, म्हणजे डोळे बांधलेल्या पोराला एका झाडापाशी न्यायचं, त्याने साल हाताने बघायची, पान चोळून वास घ्यायचा, मग लांब आणून पट्टी सोडायची आणि त्याने आपलं झाड शोधायचं. बाभूळ सोडून सगळ्या झाडांवर हा खेळ जमतो.

आणि भुलाबाई. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे संध्याकाळी पोरींच्या भुलाबाई, म्हणजे गाण्यांचा खेळ, असतात आणि शेवटी खिरापत ओळखायची असते, झाकलेला डबा हलवायचा आणि अंदाज सांगायचा. हा डबा वर्गात आणा, पोरं-पोरी सगळ्यांना घ्या. नियम एकच, थेट नाव घ्यायचं नाही, आधी हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. गोड आहे का? तळलेलं आहे का? धान्यापासून केलेलं आहे का? शेतात उगवतं का? पहिल्या दिवशी पोरं धडाधड नावंच सांगतात, लाडू, चिवडा, शेव, आणि वीस अंदाज वाया घालवतात. दोन-तीन दिवसात कोणीतरी हुशारी करतं आणि असा प्रश्न विचारतं की अर्धे पदार्थ एका फटक्यात बाद होतात, मग बाकीचे पण तसेच विचारायला लागतात. वर्गीकरण म्हणतात ते हेच. ज्याच्या घरची खिरापत त्याला डब्याचा मालक करा, उत्तरं त्यानेच द्यायची, आणि लाजरीबुजरी पोरगी असेल तर तिच्या घरची खिरापत आधी मागवा.

मातीतला पाट आणि पाण्याचा वाटा

हा उपक्रम धुळे-साक्रीकडच्या शाळांनी तर करायलाच पाहिजे कारण पांझरा नदीवरची फड पद्धत ही आपली स्वतःची गोष्ट आहे. नदीवर बंधारा बांधायचा, पाटाने पाणी शेतात आणायचं, शेतीचे मोठे फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी पीक बदलायचं आणि पाणी कोणाला कधी हे गावाने मिळून ठरवायचं, पाण्यावर लक्ष ठेवायला पाटकरी. विश्वेश्वरय्या तरुण इंजिनिअर म्हणून आपल्या खान्देशात कामाला होते, तेव्हा त्यांनी पण ही पद्धत जवळून बघितली होती. जुना बंधारा जवळ असेल तर हिवाळ्यात, पाणी कमी असताना, लांबूनच दाखवून आणा.

पण खरा खेळ शाळेच्या ग्राउंडवर. पाऊस पडून माती ओली झाली की एका उताराच्या जागी पोरांना मातीचा बंधारा, एक पाट आणि चार फड करू द्या. प्रत्येक फड एका गटाचा. फडात मेथी नाहीतर मोहरी पेरा, चार-पाच दिवसात उगवते. वरून दिवसाला एकच बादली पाणी मिळणार, त्याच्यावर थेंब नाही. पहिल्या दिवशी वरच्या गटाचा फड भरून वाहतो आणि शेवटच्याचा कोरडा राहतो. शेवटचा गट चिडतो, चिडू दे. वर्गात बसा आणि विचारा, काय नियम करायचा? कोणी म्हणतं रोज नंबर बदला, कोणी म्हणतं वाटीने मोजून द्या, कोणी म्हणतं आधी शेवटच्या फडाला पाणी आणि मग वर वर या. जो नियम ठरेल तो कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या, एक पाटकरी नेमा, दर आठवड्याला बदला. पाटकरी कडक असतात हो, आपल्या मैत्रिणीला पण जास्त पाणी देत नाहीत. नागरिकशास्त्रातली ग्रामसभा शिकवायची वेळ येईल तेव्हा या कागदाची आठवण करून द्या.

सावली आणि पाऊस

एक मीटरची सरळ काठी ग्राउंडमध्ये उभी पुरा आणि महिन्यातून एकदा, दुपारी साडेबाराच्या सुमारास, सावलीचं टोक खुणा करून मोजा. बाराला नाही, साडेबाराला, कारण भारताचं घड्याळ आपल्या पूर्वेकडच्या रेखांशावर लावलेलं आहे, आपल्याकडे सूर्य जवळजवळ अर्धा तास उशिरा डोक्यावर येतो. डिसेंबरच्या शेवटी काठीची सावली काठीएवढीच, साधारण एक मीटर भरते आणि पुढे दर महिन्याला आखूड होत जाते. आपण २१ अंश अक्षांशाच्या आसपास आहोत म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आणि परत जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सावली पायाखाली गायब होते. मे मध्ये शाळा बंद असते आणि जुलैत ढग असतात, तरी घरी बघा म्हणून सांगून ठेवा, ऊन पडलं तर पोरं बघतातच.

पावसाळ्यात पाऊस मोजा. सरळ भिंतींची प्लास्टिक बाटली, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवा, तळ वाकडा असतो म्हणून खडे टाकून वर थोडं पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा, तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. उघड्यावर ठेवा, झाडाखाली नको. रोज परिपाठाला आकडा वाचायचा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा खडूने आखून तिथे लिटरची बाटली ओतून दाखवा, पोरं घरी जाऊन बाबांना सांगतात आज आपल्या वावरात किती पाणी पडलं.

लांब न्यायचंच असेल तर

तिसरीच्या खालच्या पोरांना दिवसभराच्या प्रवासाला नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, दमतात, उलट्या होतात, काही बघत नाहीत. चौथी-पाचवीला न्या, पण एका दिवसाला एकच ठिकाण. चाळीसगावजवळ पाटणादेवीला भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने काढलेल्या मठाचा शिलालेख आहे, जंगल आहे, एक दिवस त्यालाच कमी पडतो. जळगावचं गांधी तीर्थ, धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ, आणि भुसावळ जंक्शन पण, हो, नुसतं स्टेशन, गाड्यांचा बोर्ड वाचणं आणि कोणती गाडी कुठे चालली हे नकाशावर बघणं यात भरपूर वेळ जातो. नंदुरबारला शिरीषकुमारच्या स्मारकापाशी पाचवीच्या पोरांना हळू आवाजात सांगा की ९ सप्टेंबर १९४२ ला गोळी लागली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता, शाळेत जाणारा. फैजपूरला १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं होतं, त्या भागातल्या शाळांनी आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांना त्याबद्दल विचारायला पोरांना पाठवावं.

परमिशनचं सांगायचं तर गावातल्या गावात जायला मुख्याध्यापकांची मंजुरी, शाळा व्यवस्थापन समितीला कल्पना आणि पालकांच्या सह्या एवढं आधी करून ठेवा, बस करून जायचं असेल तर केंद्रप्रमुखांमार्फत वरच्या ऑफिसची लेखी मंजुरी आल्याशिवाय पैसे गोळा करू नका. एसटीच करा, शाळेच्या सहलीला सवलत पण मिळते. दहा पोरांमागे एक मोठं माणूस धरा, शिक्षक कमी असतील तर आया घ्या सोबत. प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटं, पालकांचे नंबर कागदावर लिहिलेले, कारण सातपुड्यात बऱ्याच ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. गाडीत चढताना-उतरताना डोकी मोजा, पोरांनाच नंबर देऊन मोठ्याने म्हणायला लावा.

नदीत उतरवू नका. तापी, गिरणा कुठलीही असो. पाणी गुडघाभर दिसतं पण वाळू उपसून पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत आणि दरवर्षी आपल्याकडे पोरं त्यातच जातात. नदी दाखवायचीये तर पुलावरून किंवा घाटाच्या वरच्या पायरीवरून. विहिरीवर लोंबणारी सुगरणीची घरटी दाखवायचा मोह होतो, फार सुंदर असतात आणि विणणारा नर असतो हे ऐकून पोरांना मजा पण वाटते, पण कठडा नसलेल्या विहिरीजवळ अजिबात नाही, बाभळीवरची शोधा. हंगाम संपल्यावर खाली पडलेलं घरटं मिळालं तर वर्गात आणा आणि गवताच्या काड्या देऊन तसं विणून बघा म्हणा, पाच मिनिटात कळतं किती अवघड आहे.

परत आल्यावर

त्याच दिवशी लिहायला बसवू नका, दमलेली असतात. दुसऱ्या दिवशी आधी बोलू द्या, आदल्या दिवशीचे फळ्यावरचे प्रश्न परत काढा, ज्याचं नाव त्याने उत्तर सांगायचं. उत्तर मिळालं नसेल तरी चालेल, तो प्रश्न भिंतीवर चिकटवून ठेवा, कोणाला कधी मिळालं तर खाली लिहायचं. मग ज्या माणसाने आपल्याला वेळ दिला, मळ्यातले दादा, बाजारातल्या मावशी, त्यांना पत्र. निबंधापेक्षा पत्र चांगलं लिहितात पोरं कारण ते खरंच कोणीतरी वाचणार असतं. पत्र पोरांनीच नेऊन द्यायचं. फोटो काढले असतील तर पालकांना विचारल्याशिवाय ग्रुपवर, स्टेटसला टाकू नका. अहवालाला दोन फोटो पुरतात.

मार्च लागला की बाहेरचं बंद करा. आपल्याकडे ऊन चाळीसच्या पुढे जातं, सकाळची शाळा झाली तरी नऊ-दहानंतर पोरांना ग्राउंडवर ठेवू नये. पण तेच दिवस बिबड्यांचे, म्हणजे ज्वारीच्या पापडांचे असतात. एखाद्या आजीला शाळेत बोलवा, ज्वारी किती दिवस भिजवली, कशी दळली, घाटा कसा शिजवला हे पोरं विचारतील, घाट्याला हात मात्र आजी आणि ताईच लावतील, तो फार गरम असतो. व्हरांड्याच्या कडेला, ऊन येतं तिथे कापड अंथरून बिबडे टाकायचे. प्रत्येक जोडीने आपला एक बिबडा निवडायचा, ओला असताना दोऱ्याने त्याचा घेर मोजायचा आणि दोरा नावाची चिठ्ठी लावून ठेवायचा. वाळल्यावर त्याच बिबड्याभोवती तोच दोरा परत लावून बघायचा, किती उरला ते पट्टीवर मोजून वहीत लिहायचं. पापडावर पोरांची नावं टाकता येत नाहीत म्हणून कापडावर कोळशाने नंबर लिहा आणि कोणता नंबर कोणाचा याची यादी फळ्यावर ठेवा. वजन पण करा, काटा किराणा दुकानातून तासाभरासाठी मागून आणा. भाजून खायच्या आधी सगळी मोजणी पूर्ण झालीये ना, तेवढं तपासून घ्या.